हलला तो बाद

१

चौथीच्या त्या वर्गात 'बाई, अजून थोडा वेळ' असं कुणी म्हणत नसे, कारण म्हणून उपयोगच नव्हता. बाईंच्या टेबलावर लाल आकड्यांचा एक काळा टायमर होता, तोंड मुलांकडे केलेला, आणि वर्गातलं सगळं त्याच्या हुकमावर चाले. गणितांना दहा मिनिटं, चित्र रंगवायला पंधरा, डबा खायला बारा, पाणी पिऊन यायला तीन. शेवटचे दहा आकडे मुलं एका सुरात मोजत आणि शून्य झालं की पुतळा. पेन कागदावर असेल तर कागदावर, घास तोंडात असेल तर तोंडात. बाई टेबलामागून नजर फिरवत. जो हलला तो बाद, आणि बाद झालेल्यानं पुढचं काम दाराबाहेर उभ्यानं करायचं.

शेजारच्या वर्गातले सर दिवसभर घसा कोरडा करत. या वर्गातून फक्त मोजण्याचा आवाज यायचा आणि मग काहीच नाही. शाळेच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, पाहुण्यांना मुद्दाम हा वर्ग दाखवायला आणत. मुलांनी बाईंचं नाव शून्यबाई पाडलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. नाव पाडतात म्हणजे वचक आहे, असा त्यांचा हिशेब.

त्या वचकामागची युक्ती मात्र त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. टायमरच्या वरच्या कडेला दोन बटणं होती, एक मिनिट वाढवायचं आणि एक मिनिट कमी करायचं. मुलांच्या माना खाली गेल्या की बाई टेबलामागे उभ्या राहत, सहज ठेवल्यासारखा हात टायमरवर ठेवत आणि अंगठ्यानं कमीचं बटण दाबत. दहाची नऊ व्हायची, कधी आठ. मुलं वर बघत, दचकत, आणि हात भराभर चालू लागत. वेळ निसटतोय असं वाटलं की माणूस झटून काम करतो, असं बाईंचं मत होतं. कुणी घड्याळाशी ताडून पाहील ही भीती नव्हती, कारण घड्याळ मुलांच्या पाठीमागच्या भिंतीवर होतं आणि मागे वळून बघायला बंदी होती.

बाईंची स्वतःची मुलगी याच वर्गात होती. घरी तिला बबडी म्हणत. वर्गात तिनं 'आई' म्हणायचं नाही, सगळ्यांसारखं 'बाई' म्हणायचं, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. पोर हाताची मंद. अक्षर मोत्यासारखं, पण एकेक मोती ओवायला तिला वेळ लागे, आणि दाराबाहेर सगळ्यांत जास्त वेळा तीच उभी असे. बाईंना वाईट वाटायचं. पण पोटच्या पोरीला सूट दिली तर बाकीची डोक्यावर मिऱ्या वाटतील, म्हणून त्या ते वाईट वाटणं गिळून टाकत.

घरीही ओट्यावर चावीचा एक गोल टायमर होता. नवरा बदलीच्या गावी, घरात दोघीच, मग शिस्तीशिवाय घर चालायचं कसं? दूध तापायला, आंघोळीला, अभ्यासाला, खेळायला, सगळ्याला चावी फिरायची. दूध त्या घरात कधी उतू गेलं नाही. उतू गेलेलं दूध ज्योत विझवतं आणि गॅस तसाच सुटत राहतो, हे बाईंनी बबडीला इतक्यांदा सांगितलं होतं की तिनं झोपेतही म्हणून दाखवलं असतं. त्याला जोडून दुसरा नियम, शेगडीच्या बटणाला हात लावायचा नाही, काहीही झालं तरी.

आणि संध्याकाळी आईच्या मांडीवर बसून गोष्ट ऐकायला दहा मिनिटं. पोरीचे डोळे गोष्टीत बुडाले की बाईंचा अंगठा तिथेही चावी थोडी पुढे ढकलत असे. वह्या तपासायच्या असत, कपडे वाळत घालायचे असत. टण्ण झालं की गोष्टीतली राजकन्या जिथे असेल तिथे उभी राही, आणि दुसऱ्या दिवशी नवी गोष्ट सुरू होई.

२

सुरुवात घड्याळापासून झाली. गुणाकाराला बाईंनी दहा मिनिटं लावली आणि त्यातली दोन कापली. मुलांनी मोजलं, शून्य झालं, सगळे पुतळे झाले. बाईंची नजर सहज मागच्या भिंतीवर गेली. काम सुरू करताना मिनिटकाटा दोनच्या आकड्यावर होता, तो आता चारच्या आकड्यावर होता. म्हणजे पुरी दहा मिनिटं गेली होती, आणि जायला हवी होती आठ.

त्यांना वाटलं, बटण नीट दाबलं गेलं नसेल. पुढच्या तासाला कापल्यावर त्यांनी टायमर हळूच वळवून आकडा पाहून घेतला. तरी तेच. मग घड्याळ बिघडलंय असं म्हणून शिपाईमामांकडून त्यात नवा सेल घालून घेतला. शिपाईमामा म्हणाले, सेल उतरला की घड्याळ मागे पडतं बाई, पुढे कसं पळेल? बाईंनी त्यांना तुम्ही आपलं काम करा म्हणून सांगितलं. पण मनगटावरचं घड्याळही भिंतीवरच्याच बाजूनं साक्ष देत होतं. टायमर पिशवीत घालून घरी नेला, ओट्यावर ठेवून लावून पाहिला. घरी त्यानं आठाची आठच मिनिटं भरली.

बाई गणिताच्या. टायमर बरोबर, घड्याळंही बरोबर, मग उरलं काय? वर्गात दोन मिनिटं अशी जात होती जी टायमरमध्ये नव्हती आणि बाईंच्या आठवणीतही नव्हती. त्यांना आठवत होतं ते एवढंच, तीन, दोन, एक, शून्य, आणि समोर पुतळे. मधे कुठे खाचसुद्धा नाही. झोप पुरत नाही, दगदग फार होते, असं म्हणत त्यांनी डॉक्टरकडे जाऊन रक्तदाब तपासून घेतला. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहात.

कुठेतरी पाणी मुरत होतं. एक मिनिट कापलं की एक मिनिट जायचं, तीन कापली की तीन. बाईंनी हे पुन्हा पुन्हा करून पाहिलं आणि मग करून पाहायचं सोडलं. कापायचं मात्र सोडलं नाही, कारण अंगठ्याला ती सवयच लागली होती.

३

कामं पूर्ण होऊ लागली होती, आणि फायदा होत असला की माणूस फारशी चौकशी करत नाही. शून्याआधी ज्या वहीत अर्धा गुणाकार दिसे, शून्यानंतर त्याच वहीत खाली रेघ मारलेलं उत्तर असे. बबडीच्याही. ती कित्येक दिवसांत दाराबाहेर गेली नव्हती. बाईंना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

मग गाल दुखू लागले. दोन्ही बाजूंनी, ओठांच्या कोपऱ्यांपाशी, चिमटीत धरून ताणल्यासारखे. घरी तोंड धुताना आरशात गालांवर खडूची पांढरी बोटं उमटलेली दिसली. बाईंचे हात खडूनं भरलेलेच असत, तेव्हा त्यात नवल नव्हतं. पण त्यांनी स्वतःचं बोट त्या ठशावर ठेवून पाहिलं, तर ठसा बोटाखाली पुरता झाकला गेला. ती बोटं लहान होती.

पुढच्या बाकांची ओळही टेबलाला येऊन भिडू लागली. सकाळी बाई ती मागे सारून घेत आणि दुपारपर्यंत ती पुन्हा पुढे आलेली असे. फरशीवर बाक ओढल्याचा आवाज मोठा कर्कश होतो, तो शेजारच्या सरांनीही ऐकला असता. बाईंच्या कानावर तो एकदाही आला नाही.

त्या सुमाराला बबडीचा पुढचा दात हलत होता. 'आई, बघ ना, काढ ना,' म्हणत ती जिभेनं तो ढकलून दाखवायची आणि बाई म्हणायच्या, उद्या. असे बरेच उद्या झाले. मग एके दिवशी चित्रकलेच्या तासाला शून्य झालं आणि बाईंच्या लक्षात आलं की आपली उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे. त्यांनी ती उघडली. आत दात होता, मुळाशी लाल, अजून ओला. समोर बबडी आपल्या बाकावर पुतळा होऊन बसली होती, तोंड मिटलेलं, आणि हनुवटीवर रक्ताचा बारीक ओघळ. सगळा वर्ग बाईंच्या मुठीकडे बघत होता. कुणी हललं नाही, म्हणून कुणाला बाद करता आलं नाही.

घरी आल्यावर बाईंनी विचारलं. बबडी चुळा भरत होती.

'तूच काढलास,' ती म्हणाली.

'कधी?'

'मघाशी. वर्गात. सगळे बघत होते. दुखलं नाही मला.' तिनं पाणी थुंकलं आणि जरा आठवून सांगितलं, 'तुझा हात जड होता गं. चौघांनी धरला.'

बाईंनी तेव्हा तिला पोटाशी धरायला हवं होतं. पण शिक्षिकेची जात, त्यांनी आधी उलटतपासणी केली. कोण चौघं? आणखी काय करता? कुणी सांगितलं हे करायला? बबडी म्हणाली की पुढचं सांगायचं नाही असं सगळ्यांचं ठरलंय, आणि मग तिनं तोंडात मिठाची गुळणी धरली. बाईंचा हात उगारला गेला आणि तसाच खाली आला. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कुणाला? दात त्यांनी कागदात गुंडाळून कपाटात ठेवला. त्या संध्याकाळी गोष्ट सांगताना शब्द जुळेनात, तेव्हा त्यांनी चावी नेहमीपेक्षा जास्तच पुढे ढकलली.

४

मोठ्या बाईंनी त्यांना ऑफिसात बोलावलं आणि बसा म्हटलं नाही.

आदल्या दिवशी त्या दोन पाहुण्यांना घेऊन वर्ग दाखवायला आल्या होत्या. दाराच्या काचेतून आत पाहिलं तर एकही मूल जागेवर नव्हतं. सगळी बाईंना खेटून उभी होती, काही तर टेबलावर चढली होती, आणि बाई मधोमध उभ्या राहून हसत होत्या. आवाज मात्र नव्हता. मोठ्या बाईंनी दोनदा हाक मारली. बाई वळल्या नाहीत.

'तुमची मॉनिटर वळली,' मोठ्या बाई म्हणाल्या. 'तिनं ओठांवर बोट ठेवून मला गप्प राहायला सांगितलं. मला. पाहुण्यांसमोर.'

मॉनिटर म्हणजे चापूनचोपून वेणी घातलेली, विचारल्याशिवाय तोंड न उघडणारी उंच मुलगी. अशी पोर असं करणं शक्य नाही, असं त्या म्हणाल्या असत्या. पण तोंडातून निघालं भलतंच.

'मी हसत होते?'

'तेच तर म्हणतेय. इतकी वर्षं झाली, तुम्हाला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. तेवढ्यात पाहुणे निघाले म्हणून मी आत आले नाही.' मोठ्या बाईंनी समोरचे कागद उगाच सरळ केले. असा प्रकार पुन्हा झाला तर वर्ग काढून घेईन, असं त्यांनी सुनावलं. बाई दाराशी पोहोचल्या तेव्हा त्यांनी मान वर न करता आणखी एक गोष्ट सांगितली, आणि या वेळी आवाज खालच्या पट्टीत होता. 'मुलांना समज द्या. खेळ झाला तरी तुमच्या डोळ्यांना हात लावायचा नाही म्हणावं. बघवत नाही ते.'

बाई तशाच हात धुवायच्या नळाशी गेल्या आणि बराच वेळ डोळ्यांवर पाणी मारत राहिल्या. डोळे सकाळपासून चुरचुरत होते. फळ्याच्या धुळीमुळे असेल, असं त्यांनी धरून चाललं होतं.

५

दुसऱ्या दिवशी बाईंनी अंगठा आवरला. भागाकाराला दहा मिनिटं लावली आणि हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. मुलांनी मोजलं, शून्य झालं. मागच्या भिंतीवरचा काटा बरोबर दहा मिनिटं पुढे होता. बाईंच्या आठवणीतही दहाच होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सलग. त्यांना रडू येईल असं वाटलं. एवढंच होतं तर. कापायचं नाही, की झालं.

पण मुलांच्या वह्या अर्ध्याच होत्या. माना वर होत्या आणि पुतळे बाईंच्या बांधलेल्या हातांकडे बघत होते. मॉनिटर उभी राहिली.

'बाई, आज नाही कापणार?'

इतक्या सरळ आवाजात विचारलं तिनं, खडू आणू का विचारावं तसं. बाईंचं धाबं दणाणलं आणि नेहमीप्रमाणे त्याचा राग झाला. आजपासून टायमर बंद, त्या म्हणाल्या. त्यांनी तो उचलून काचेच्या कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली पदराच्या टोकाला बांधली. आता तोंडी हिशेब करायचे, आणि कुणी मोजायचं नाही, कुणी पुतळा व्हायचं नाही.

मुलांनी पेन्सिली खाली ठेवल्या. कुणी हिरमुसलं नाही, कुणी कुजबुजलं नाही. मग शेवटच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, 'दहा.'

'गप्प,' बाई म्हणाल्या.

नऊला पाच-सहा आवाज होते, आठला सगळे. बाई ओरडल्या, टेबलावर पट्टी आपटली. पालथ्या घड्यावर पाणी. मुलं ओरडत नव्हती, बाईंनीच शिकवलं होतं तशी स्वच्छ, सुटं, एका सुरात मोजत होती. बाईंनी बबडीकडे पाहिलं. एवढा एक चेहरा गप्प असेल असं त्यांना वाटलं होतं. बबडीचे ओठ हलत होते, पडलेल्या दाताच्या फटीतून जीभ दिसत होती, आणि ती सगळ्यांच्या किंचित मागे पडत मोजत होती. चार. तीन. बाई पट्टी टाकून दाराकडे धावल्या. दाराच्या कडीला हात लागला, कडी गार होती.

मग बाई खुर्चीत बसलेल्या होत्या.

मधे काही नव्हतं. खिडकीतलं ऊन मघाशी पहिल्या बाकावर होतं, ते आता समोरच्या भिंतीवर चढलं होतं. डोळे वाळून ठणकत होते आणि मांडीवर वजन होतं. मान वळायच्या आधी नजर कपाटाच्या काचेवर गेली आणि काचेत सगळा वर्ग दिसला, प्रत्येक जण आपापल्या जागी, नमुनेदार पुतळा. फक्त बबडी जागेवर नव्हती. ती बाईंच्या मांडीवर होती. बाईंचे दोन्ही हात तिच्या पोटावरून घेऊन बोटं एकमेकांत अडकवून ठेवली होती, शाळेच्या पिशवीचा पट्टा अडकवतात तशी, आणि त्या हातांखालून ती खाली सरकायला बघत होती. ती हाताची मंद, इथेही तिला वेळ पुरला नव्हता. काचेत बबडीच्या डोक्यावर बाईंचा चेहरा होता. त्यावरचं हसू अजून उतरलं नव्हतं.

'बबडी हलली,' मॉनिटर जागेवरून म्हणाली. 'बाद.'

बबडी हे घरचं नाव शाळेत कुणालाही माहीत नव्हतं. बबडीनं काही तक्रार केली नाही. तिनं बाईंची बोटं एकेक करून सोडवली, फ्रॉक सारखा केला आणि ती दाराबाहेर जाऊन उभी राहिली. त्यांनी मॉनिटरला विचारलं, त्या पोरीला विनवल्यासारखं विचारलं, की हे संपणार कधी?

'आमचं मागचं कापलेलं संपतच आलंय बाई,' मॉनिटर म्हणाली. 'तिचं खूप आहे. घरचं धरून.'

६

बाईंनी राजीनामा मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवला आणि बबडीचा हात धरून त्या मधल्या सुट्टीतच घरी आल्या. घरात शिरल्या शिरल्या त्यांनी ओट्यावरचा गोल टायमर उचलला आणि फरशीवर आपटला. चावी एकीकडे गेली, तबकडी एकीकडे. तुकडे गोळा करून कचऱ्यात टाकले, वर चहाचा चोथा टाकला, आणि तेव्हा कुठे त्यांना श्वास आला. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला की तुझं डोकं फिरलंय, नोकरी काय अशी सोडतात? बाई म्हणाल्या, हो, फिरलंय, तू रविवारी ये.

ऊन उतरल्यावर गारठा वाढला. बाईंनी खिडक्या लावून घेतल्या, मधलं दार ओढून घेतलं. दूध शेगडीवर ठेवलं आणि टायमरसाठी हात ओट्यावर फिरला, तिथे काही नव्हतं. बघूनच तापवावं लागणार होतं. त्या शेगडीसमोर खुर्ची ओढून बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या दुधाकडे नुसत्या बघत बसल्या होत्या.

बबडी येऊन मांडीवर बसली. सांगितलं नव्हतं, हाक मारली नव्हती. ती गार होती आणि तिच्या केसांना खडूचा वास येत होता. बाईंनी तिला कवेत घेतलं, या वेळी स्वतःच्या हातांनी, आणि डोळे भरून आले. किती दिवस झाले होते? त्या हिशेब करू लागल्या. रोजची दोन मिनिटं, कधी तीन, आठवड्याचे सात दिवस, गोष्टीची वेगळी, खेळाची वेगळी, आणि पोर तीन वर्षांची असल्यापासून. गणिताच्या बाई होत्या त्या. गुणाकार अर्ध्यात आला आणि पुढे करवेना.

'आता कधीच कापणार नाही,' त्या म्हणाल्या. 'तुला हवी तेवढी लांब गोष्ट सांगेन. कुठली सांगू?'

बबडीनं विचार केला. 'तू नको सांगूस. तू मधेच संपवतेस.' तिनं आईचा उजवा हात उचलून आपल्या खांद्याभोवती घेतला, कोपर थोडं वर केलं, मागे कलून बघितलं आणि पुन्हा जरासं खाली केलं. शाळेत पुष्कळदा केल्यासारखा तिचा हात सराईत होता. 'मी सांगते. तू फक्त अशी बस.'

'बबडे, दूध आहे गॅसवर.'

'असू दे.'

'आधी मी गॅस बंद करते, मग...'

'हललीस तर बाद,' बबडी म्हणाली. रागानं नाही म्हणाली. 'बाद झालीस की दाराबाहेर. मग मी परत मांडीवर येणार नाही, कधीच नाही. दहा.'

उठायला काही लागत नव्हतं. मांडीवरून पोरीला खाली ढकलायचं, दोन पावलं टाकायची, बटण फिरवायचं. बाईंच्या पाचावर धारण बसली होती, पण डोकं चालत होतं. पोर सावकाश मोजते. दुधाला अजून वेळ आहे. आणि आज पुन्हा तिला अर्ध्यातून उठवायचं, आजही? आठ. गळ्याशी तिचा श्वास लागत होता, फटीतून शिट्टीसारखा बारीक वाजणारा. सहा. एकदा तरी हिला पुरं होऊ दे, असं बाईंना वाटलं, आणि ते त्यांना मनापासून वाटलं.

पाचला दुधाच्या कडेनं पहिली सुरकुती धरली.

'बबडे, ऐक,' बाई म्हणाल्या. 'तूच बंद कर. ते बटण, उजवीकडे फिरव.'

'बटणाला हात लावायचा नाही,' बबडी म्हणाली, 'काहीही झालं तरी.' धडा पाठ असलेल्या मुलीच्या आवाजात म्हणाली, आणि चार म्हणाली.

मी सांगते म्हणून, आज चालेल, आज लाव हात, असं बाईंना म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं. बबडीनं मांडीवर गुडघे टेकून आईकडे तोंड केलं. तिची दोन बोटं बाईंच्या ओठांच्या कोपऱ्यांवर आली, खडूनं खरखरीत झालेली, आणि तिनं ते कोपरे हळूहळू वर ओढले.

'तीन,' ती म्हणाली. 'अशी छान दिसतेस.'

तिच्या खांद्यावरून बाईंना पातेलं दिसत होतं. साय फुगली, काठाशी आली. दूध वर चढतानाचा तो आवाज बाईंना ऐकू आला, दोनपर्यंत.